गाण्याला खोली द्या, किनारा नको

डिसेंबर जवळ आला की कोकण किनाऱ्यावर एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, पर्यटक संध्याकाळी सातनंतर करणार काय? जेवतो, मोबाइल बघतो, झोपतो आणि पुढच्या वेळी सरळ गोवा गाठतो. तेव्हा आपल्याकडेही संगीताचे बार आणि रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या जागा हव्यात. दुसरी बाजू म्हणते, ही देवभूमी आहे, इथे दुसरा गोवा होऊ देणार नाही. दोन्ही बाजूंना तळमळ आहे, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर चित्र एकच असतं: वाळूवर उभारलेला मांडव, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, रंगीत दिवे आणि बाटल्या. एकाला ते हवं असतं, दुसऱ्याला नको असतं. या चित्राखेरीज काही असू शकतं का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की उघड्या किनाऱ्यावर रात्रीचं ध्वनिवर्धकावरचं संगीत पूर्णपणे बंद असावं आणि गावात, जाड भिंतींच्या बंद खोलीत, माणसांनी प्रत्यक्ष वाजवलेलं संगीत ऐकवणाऱ्या छोट्या जागांना सरळ, स्वच्छ परवानगी मिळावी. मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, दापोली, अलिबाग इथे अशा जागा व्हायला हव्यात, त्यात चांगलं जेवण मिळावं, आणि ज्याला हवं त्याला पेलाही मिळावा.

‘कोकणात रात्री गाणं-बजावणं आपलं नाही’ हे वाक्य तर खोडून काढायलाच हवं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात गावोगाव देवळापुढे दशावतार उभा राहतो. रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या वाद्यांवर, लिहून न दिलेल्या संवादांवर. डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर बसतात आणि माणसं रात्रभर उठत नाहीत. रत्नागिरीकडे नमन-खेळे आहेत, जाखडी आहे, शिमग्यात पालखीपुढे ढोल रात्र रात्र वाजतो. कोकणाची रात्र कधीच मुकी नव्हती. याला एक उत्तर येतं आणि ते वजनदार आहे: ही गाणी देवाची, गावाची, वर्षातून ठरल्या दिवसांची, तिकीट काढून, दारूच्या टेबलावर बसून ऐकायची नव्हेत. हा फरक खरा आहे. पण त्याच फरकामुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो. दशावतारातला पखवाजवाला, डबलबारीतला पेटीवाला, बँजो पार्टीतला कीबोर्ड वाजवणारा पोरगा जत्रा, गणपती आणि लग्नसराई संपली की उरलेलं वर्ष काय करतो? बहुतेक जण मुंबईची गाडी पकडतात. बारा महिने आठवड्यातून दोनदा वाजवायला मिळेल आणि मानधन हातात पडेल अशी एकही जागा तालुक्याच्या गावी नसेल, तर संस्कृती जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

राहिली दारू. कोकणातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात परमिट रूम आहे आणि तिच्याविरुद्ध दर वर्षी मोर्चा निघत नाही. ही परमिट रूम आली कुठून? १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणं हा मुळात गुन्हा ठरवला आणि नंतर परवानाधारकाला सवलत दिली. त्यामुळे पिण्याची जागाही लपवण्यासारखी झाली: काळ्या काचा, पडदा, मंद दिवे, वेगळी ‘फॅमिली रूम’. माणूस आत जातो, भराभर पितो, बाहेर पडतो. तिथे बाई एकटी जाऊ शकत नाही, बाप मुलाला घेऊन जेवायला जाऊ शकत नाही, आणि वाजणारी एकमेव गोष्ट म्हणजे भिंतीवरचा टीव्ही. अशा काळोख्या खोल्या आपण वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू दिल्या. आणि कुणी दिवे लावून, खिडकीला काच ठेवून, समोर चार वादक बसवून जागा काढायची म्हटली की संस्कृती आठवते. मग आपण राखतोय ते पावित्र्य की पडदा?

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा: आवाज. इथे मी त्यांच्या पूर्ण बाजूने आहे, आणि का ते आकड्यांत सांगतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. किनाऱ्यावरच्या स्पीकरचा आवाज १० मीटरवर १०० डेसिबल असेल (पार्टीच्या हिशेबाने हा काही फार नव्हे), तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२, १६० वर ७६, ३२० वर ७० आणि ६४० मीटरवर ६४. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या वाडीतही आवाज मर्यादेच्या कितीतरी वर राहतो. हवा आणि जमीन थोडा शोषून घेतात, पण ते प्रामुख्याने वरच्या सुरांना लागू पडतं. खालचे सूर, म्हणजे छातीवर धपधपणारे, तसेच पुढे जातात. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते; मधली सुरूची रांग तिला अडवत नाही. ‘मध्ये सुरूचं बन आहे, त्रास होणार नाही’ असं अर्जात लिहिणाऱ्याने हे समजून घ्यावं. वाऱ्याचाही हिशेब आहे. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून गावात येतो आणि आवाज सोबत आणतो. रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटला तर गावाची थोडी सुटका होते, पण वारा पडलेल्या थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते. अशा वेळी वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली उतरतो आणि एरवी जिथे ऐकू येत नाही तिथेही पोचतो. पर्यटनाचा भर नेमका याच रात्रींचा. आणि त्या वाडीत झोपलेलं माणूस कोण असतं? पहाटे होडी काढणारं, रापण ओढणारं. त्याची झोप हा कुणाच्या मौजेचा खर्च होऊ शकत नाही.

कासवांचंही तसंच. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात अंडी घालायला येतात आणि पिल्लं उन्हाळा लागेपर्यंत बाहेर पडत राहतात. पिल्लू समुद्र ओळखतं ते क्षितिजावरच्या उजेडाने. किनाऱ्यावर पांढरे-निळे दिवे असले की ते उलट्या दिशेने चालू लागतं. जगातला कितीही सुंदर बार याची भरपाई करू शकत नाही. २०२० मध्ये राज्याने तारकर्ली, कुणकेश्वर, गुहागर, आरे-वारे, दिवेआगर, वरसोली यांसह आठ किनाऱ्यांवर शॅकचं धोरण आणलं. शॅक ही दिवसाची सोय आहे: सावली, जेवण, शहाळं, कपडे बदलायची जागा. तिला रात्रीच्या संगीताचं केंद्र करायचं ठरवलं, तर वर सांगितलेल्या आकड्यांतून सुटका नाही, कारण झावळ्यांच्या मांडवाला भिंतच नसते.

पण या सगळ्याचा निष्कर्ष ‘संगीत नको’ असा कसा निघतो? तोच २००० सालचा नियम रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी घालताना सभागृह, परिषदेचं दालन, मेजवानीचं दालन अशा बंद जागा वगळतो, आणि खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरीव मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढू नये असं सांगतो. कायद्याने उघडं आणि बंद यांत फरक केला आहे. आपल्या वादाने केलेला नाही. हा फरक न केल्याने काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. धोबीतलावचं रंगभवन हे उघडं नाट्यगृह. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा भरली, रॉकचे मोठे मेळावे झाले. आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालय, म्हणजे शांतता क्षेत्र; नियम आले आणि मैफली थांबल्या. नियम चुकीचा नव्हता, रुग्णाला झोप हवीच. पण त्याच्या मोबदल्यात शहराने त्याच तोडीची बंद जागा बांधली का? नाही. परवडणाऱ्या तिकिटात हजारोंनी ऐकायचं संगीत मग खासगी जागांत गेलं. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं. ध्वनीसाठी विचारपूर्वक बांधलेली, मंचाकडे उतरत जाणाऱ्या गोल बैठकांची ती खोली देशभरच्या वादकांचं घर झाली आणि २०१६ मध्ये तीही बंद पडली. उघड्या जागेवर बंदी घालणं सोपं असतं. तिच्याऐवजी खोली बांधायला पैसा, जाण आणि परवाना, तिन्ही लागतात.

बंदीचा याहून जुना परिणामही ध्यानात घ्यायला हवा. १९३०-४०च्या दशकांत मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत जे जॅझ वाजत होतं त्यात गोवेकर वादक भरलेले होते. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यांतली नावं. दारूबंदी आली, हॉटेलांची रात्रीची कमाई आटली, आणि वाद्यवृंदांना पोसणारा आधार गेला. सिनेमाच्या स्टुडिओंकडे जाणारी वाट आधीपासून होती, ती आता मुख्य रस्ता झाली. हिंदी चित्रपटसंगीताला त्याचा अपार लाभ झाला हे खरं, पण माणसांसमोर रोज वाजणारं, रोज बदलणारं संगीत मुंबईच्या रात्रीतून झपाट्याने ओसरलं. आणि दारू? ती गल्लीबोळांतल्या चोरट्या अड्ड्यांवर गेली. त्या बंदीने रोजगार घालवला तो वादकाचा.

दुसरी मोठी शंका बायका विचारतात: संगीताच्या नावाखाली डान्सबारच येणार नाही ना? तिला हलक्यात घेणं हा अपमान होईल. ‘ऑर्केस्ट्रा’ या नावाखाली महाराष्ट्रात काय काय चाललं ते सर्वांना ठाऊक आहे. डान्सबारांवर बंदीची मागणी जोर धरू लागली तेव्हा पनवेलचं, म्हणजे आपल्याच रायगडातलं नाव पुढे होतं. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने बंदीचा कायदा झाला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, मग राज्याने २०१४ आणि २०१६ मध्ये पुन्हा कायदे केले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही अनेक अटी न्यायालयाने उडवल्या. चौदा वर्षांच्या या झगड्यातून शिकायचं काय? २००५चा कायदा कोसळण्याचं एक मोठं कारण असं की त्याने तारांकित हॉटेलांना आणि जिमखान्यांना सूट दिली होती. तेच नाच महागड्या छताखाली सभ्य आणि स्वस्त छताखाली असभ्य! कोकणात आज नेमकी हीच वाट दिसते. मोठ्या रिसॉर्टच्या हिरवळीवर लग्नाचा डीजे वाजतो आणि गावातल्या माणसाने तीस खुर्च्यांची मैफल करायची म्हटली तर त्याला परवान्याच्या खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात. ऑर्केस्ट्रा बारचा धोका टाळायचा उपाय बंदी नाही, परवान्याच्या अटी आहेत: मंचावर फक्त करारबद्ध गायक-वादक, वादकांना ठरलेलं मानधन आणि त्याची नोंद, वादकाच्या अंगावर वा हातात पैसे देण्याला मनाई, रस्त्यावरून आत दिसेल अशी काच, आणि एकसारखा उजेड. डान्सबार अंधारावर आणि उधळलेल्या नोटांवर चालतो. या दोन गोष्टी काढून घेतल्या की त्याला संगीताच्या खोलीत शिरायला जागाच उरत नाही.

तिसरी हरकत दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांची. तिच्यावर मी वाद घालणार नाही. महाराष्ट्रात गावातल्या महिलांनी ‘आडवी बाटली’ला, म्हणजे दारू बंद करा म्हणणाऱ्या चिन्हाला, निम्म्याहून अधिक मतं देऊन दुकानं बंद केली आहेत, आणि हा हक्क त्यांनी झगडून मिळवला आहे. संगीताच्या जागेलाही तो लागू असावा. गावाने नको म्हटलं तर नको. मात्र एक हिशेब मांडायला हवा. संगीत दारूच्या नफ्यावरच चालतं, हे गृहीत दोन्ही बाजू धरतात. समजा सत्तर खुर्च्यांची खोली आहे आणि तिकीट ३०० रुपये. पूर्ण भरली तर २१,००० रुपये. चार कलाकारांना प्रत्येकी ३,००० म्हणजे १२,०००, ध्वनितंत्रज्ञाला २,५००. उरलेल्या ६,५०० मध्ये वीज आणि साफसफाई भागते. एक थेंब न विकता संगीताचा खर्च निघाला. अर्धीच भरली तर १०,५०० येतात आणि मानधनही पुरं पडत नाही. ती तूट स्वयंपाकघराने भरायची. म्हणून अशा जागेचा जीव बारपेक्षा चुलीत असतो: सुरमईचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, शाकाहारी माणसाला काजूची उसळ. जो मालक तिकीट न लावता ‘संगीत फुकट’ म्हणतो, त्याला तो पैसा पेल्यांतूनच काढावा लागतो; मग वादकाला मोठ्याने वाजवायला सांगितलं जातं, कारण बोलता आलं नाही की माणूस जास्त पितो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट सक्तीचं करा, हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम. श्रोत्याने गाण्याचे पैसे दिले की तो गाणं ऐकतो.

आता खोलीबद्दल, कारण सगळा वाद शेवटी भिंतीपाशीच येतो. कोकणाकडे ध्वनी अडवण्याचं उत्तम साहित्य पायाखालीच आहे: चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा घडवलेला ठोकळा. जड भिंत आवाज अडवते; वजन दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. नऊ इंची चिऱ्याची भिंत दोन्ही बाजूंनी नीट गिलावा केलेली असेल तर मधल्या आणि वरच्या सुरांत ४५ ते ५० डेसिबल रोखते. गिलावा हवाच, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि उघड्या चिऱ्याच्या छिद्रांतून व सांध्यांतून आवाज झिरपतो. बाहेरून चिरा उघडा दाखवायचा असेल तर आतून तरी दोन थर द्यावेत. घोटाळा भिंतीत होत नाही, छतात होतो. जुनं कौलारू घर घेऊन ‘हेरिटेज’ बार काढणारे भिंत बघून खूश होतात आणि आवाज कौलांच्या फटींतून थेट आभाळात जातो. एकूण क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का उघडी फट राहिली तर ५० डेसिबल अडवणारी भिंत २० डेसिबलवर येते. तेव्हा कौलं राहू द्यावीत, पण त्यांच्याखाली पाच-सहा इंची स्लॅब घालावी. पत्र्याच्या छताखाली तर संगीताचा परवाना देऊच नये; पत्रा आवाज सोडतोही, स्वतः थरथरतोही, आणि आषाढात पावसाच्या माऱ्यात खाली काही ऐकूही येत नाही.

दारं दोन, एकामागे एक, मध्ये दीड मीटरची मोकळी जागा, म्हणजे एक उघडं असताना दुसरं बंद राहील. दोन्हींना चारी बाजूंनी रबरी पट्टी. खिडकीला दोन काचा, मध्ये चार इंच अंतर. एसीच्या आणि हवेच्या वाटा बहुतेक जण विसरतात. भिंतीला भोक पाडून बसवलेला एक एक्झॉस्ट पंखा सगळी मेहनत वाया घालवतो. हवेची वाट आतून मऊ अस्तराची, दोन वळणं घेतलेली असावी. मंच पोकळ लाकडी पेटीसारखा करू नये; तो ढोलासारखा घुमतो. आत कोरडी वाळू भरली की पायांचे आणि तालवाद्याचे धक्के शांत होतात. खालच्या सुरांचा स्पीकर कोपऱ्यात ठेवण्याचा मोह आवरावा, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून तोच सूर फुगवतात आणि शेजारच्या घराकडे नेमका तोच जातो. समोर दोन मोठे खांब उभे करण्यापेक्षा सहा-आठ छोटे स्पीकर छतालगत, प्रत्येक तीन-चार टेबलांसाठी एक, असे लावले तर पुढच्याला कान झाकावे लागत नाहीत आणि मागच्याला शब्द ऐकू येतात.

सत्तर माणसांच्या खोलीत आवाजाची पातळी स्पीकर ठरवत नाही, ड्रमसेट ठरवतो. काठीने वाजवलेला ड्रमसेट कुठलीही वीज न वापरता १०० डेसिबल ओलांडतो. मग गायक त्याच्या वर, गिटार गायकाच्या वर, अशी चढाओढ लागते. छोट्या खोलीत ढोलकी, तबला, काहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) किंवा ब्रशने वाजवलेला ड्रम पुरतो. सरासरी ९२ डेसिबलवर मैफल भरघोस वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी कानांच्या दृष्टीने सुचवलेली वरची मर्यादा, पंधरा मिनिटांच्या सरासरीने, १०० आहे. म्हणजे आपण बऱ्याच खाली राहतो. ९२ मधून भिंतीचे ४५ वजा केले तर बाहेर ४७, आणि पंधरा-वीस मीटरवरच्या घरापर्यंत तो आणखी उतरतो. खालच्या सुरांना मात्र ही वजाबाकी लागू नाही, त्यांना हीच भिंत दहा-पंधरा डेसिबल कमी अडवते. म्हणून ध्वनियंत्रणेला सील केलेला लिमिटर, म्हणजे आवाज ठरल्या पातळीपलीकडे जाऊ न देणारं उपकरण हवं, ज्याची किल्ली मालकाकडे नसावी. मोजणी करणाऱ्यानेही केवळ ‘ए’ मापावर थांबू नये, कारण ते माप मंद्र सुरांना कमी लेखतं. मंद्र सुरांनाही पुरतं मोजणाऱ्या ‘सी’ मापावरही बघावं. दोन्हींत पंधरा डेसिबलहून जास्त फरक दिसला तर शेजाऱ्याची तक्रार खरी असण्याचीच शक्यता जास्त.

खोलीच्या आत पडदे आणि मऊ पॅनल लागतात, नाहीतर चिऱ्याची गुळगुळीत भिंत शब्द घुमवून टाकते; अशा खोलीत घुमारा सात-आठ दशांश सेकंदांपलीकडे नसावा. किनाऱ्यावर काचलोकर दमटपणा धरते, बुरशी येते. कापडात बांधलेली दगडी लोकर टिकते. काथ्याच्या जाड पट्ट्या आपल्याकडे मिळतात आणि मधले सूर चांगले शोषतात, पण अग्निरोधक प्रक्रिया केल्याशिवाय त्या लावणं म्हणजे भिंतीला सरपण बांधणं. खाऱ्या हवेत तारा गंजतात, जोडण्यांवर हिरवा थर चढतो, पावसाळ्यात तबल्याची शाई-पुडी सैल पडते आणि एसीत आणली की अर्ध्या तासात चढते. वाद्यं तासभर आधी खोलीत ठेवावीत आणि आर्द्रता पंचावन्न ते साठ टक्क्यांवर धरावी. त्याने वादकाचं काम निम्मं होतं. बारचा ओटा मंचाच्या समोर नको, बाजूला हवा. बर्फ फोडणं, मिक्सर, बिलाचं यंत्र हे आवाज ठुमरीच्या एका आलापाला पुरे पडतात, म्हणून बर्फ आणि मिक्सर भिंतीपलीकडे आणि बिलं मध्यंतरात. दिमाखदार जागा म्हणजे इटालियन संगमरवर आणि निऑनची अक्षरं, असं समजणाऱ्यांनी हा पैसा आधी छतात घालावा.

आगीबद्दल सौम्य बोलून चालणार नाही. आवाजासाठी खोली बंद करतो तेव्हा आपण धूरही आत कोंडतो. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये मंचावरच्या फटाक्यांनी भिंतीवरचा ध्वनिशोषक फोम पेटला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात जवळजवळ तसंच घडलं, २४२ बळी. आपल्या कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या पबांत लागलेल्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बरेच स्वच्छतागृहात गुदमरून. तेव्हा अंड्यांच्या खोक्यासारखा दिसणारा स्वस्त फोम कुठल्याही भिंतीवर नको, मंचावर ठिणगी उडवणारं काहीही नको, झावळ्यांची सजावट छताला नको. बाहेर उघडणारी दोन दारं विरुद्ध दिशांना हवीत आणि त्यांना ढकलताच सुटणारा आडवा दांडा हवा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मागचं दार कुलूप लावून ठेवण्याची खोड सगळीकडे आढळते. तसं एकदा जरी सापडलं तरी परवाना रद्द व्हावा, दंडावर सुटका नको.

जागा कुठे असावी, याचं उत्तर रस्ता देतो. कोकणात रात्री अकराला रिक्षा मिळत नाही, शेवटची एसटी कधीच गेलेली असते, आणि घाटातला किंवा खाडीकाठचा रस्ता प्यायलेल्या माणसाला माफ करत नाही. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा दोन पेल्यांत गाठली जाऊ शकते. म्हणून महामार्गालगतचा बार ही सगळ्यांत वाईट कल्पना आणि लॉजिंग-घरगुती निवासापासून चालत जाता येईल अशी बाजारपेठेतली खोली ही सगळ्यांत चांगली. तिचा आणखी एक लाभ पर्यटनवाल्यांनाही सुचत नाही: पावसाळा. मे अखेरीस समुद्रातले खेळ थांबतात, १ जूनपासून मासेमारी बंद होते, किनाऱ्यावरचं सगळं आवरलं जातं. बंद खोली मात्र आषाढातही चालते, आणि धबधबे बघायला आलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा मिळते. उघड्या किनाऱ्यावरचा धंदा पाऊस लागताच संपतो.

पेल्यात काय असावं, याचाही कोकणाला स्वतःचा इतिहास आहे. १८७८च्या अबकारी कायद्याने इंग्रज सरकारने माडावर कर वाढवला, गावोगावच्या भट्ट्या मोडून मद्य मक्तेदारांच्या हाती दिलं आणि भंडाऱ्यांचा माडी काढण्याचा पिढीजात व्यवसाय खिळखिळा झाला. आज सिंधुदुर्गात काजूचे बोंडू बागेत कुजतात. सीमेपलीकडे त्याच बोंडूच्या फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याची चोरटी दारू पकडली जाते. आपल्या खोलीत आपल्या बागेचं, कायदेशीर गाळलेलं, कमी प्रमाणात दिलेलं पेय असेल तर तो पैसा बागायतदाराकडे जाईल. आणि न पिणाऱ्यासाठी कोकम आगळाचं, आवळ्याचं, जांभळाचं पेय तेवढ्याच मानाने, तशाच पेल्यात यावं. ‘तुमच्यासाठी कोल्ड्रिंक’ म्हणून कोपऱ्यात ढकललेलं नको.

एवढं सगळं केलं तरी मोजणार कोण, हा प्रश्न उरतोच. तक्रार केली की पोलिस येतात तेव्हा आवाज कमी झालेला असतो, हा अनुभव किनाऱ्यावर सगळीकडे आहे. म्हणून मोजमाप तक्रारीवर अवलंबून ठेवू नये. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आणि सर्वांत जवळच्या घराच्या हद्दीवर कायमचा ध्वनिमापक बसवावा, त्याचा खर्च मालकाचा, नोंदी मात्र ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या फलकावर दर आठवड्याला लागाव्यात. परवाना एका वर्षाचा असावा, आणि नूतनीकरणाआधी ग्रामसभेत, नगरपरिषद असेल तर प्रभागसभेत, त्या नोंदी वाचून दाखवाव्यात. पहिल्या वर्षी प्रत्येक गावात एकच जागा, सत्तर खुर्च्यांची, रात्री साडेदहाला शेवटचं गाणं. मर्यादा तीनदा ओलांडली तर ध्वनियंत्रणा वर्षभर बंद आणि फक्त बिनमाइकची मैफल. अर्ज येईल तेव्हा सरपंचांनी मालकाला तिथे वाजणार काय हे विचारण्याआधी छताचा आडवा छेद मागावा.